पाणी आटवणारा शास्त्रज्ञ : रॉबर्ट बन्सन

शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याने एकदा तरी पाऊल टाकले आहे, त्याला बन्सन हे नाव ठाऊक असते. टेबलावरचा तो उभा नळीचा दिवा, खाली हवा आत घेणारे छिद्र आणि वर निळसर, धूर नसलेली ज्योत. परंतु या दिव्यामागचा माणूस कोण होता, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. नाव दिव्याला चिकटून राहिले आणि माणूस मागे पडला. खरे तर हा दिवा म्हणजे त्याच्या आयुष्यातील एक सोय होती. त्याचे खरे काम त्या ज्योतीत काय दिसले, हे होते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे आणि मानसशास्त्र हा माझा विषय. रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की, मनाच्या आजारांचा अभ्यास करताना लिथियम या धातूचे नाव पुन्हा पुन्हा समोर येते. हा धातू कोठून आला, कोणी ओळखला, पाण्यातून तो कसा काढतात, याचा शोध घेत गेले आणि वाट थेट बन्सनपाशी पोहोचली. पुढे वाचत गेल्यावर असे वाटू लागले की, या माणसाकडून शिकण्यासारखे जे आहे ते केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरते नाही. क्षुल्लक म्हणून आपण जे टाकून देतो त्यात काय दडलेले असते, हे त्याच्या आयुष्यावरून कळते. जुनी दप्तरे चाळणाऱ्याला, बोलीतील शब्द गोळा करणाऱ्यालाही हे कळणे आवश्यक आहे.

रॉबर्ट व्हिल्हेल्म बन्सन याचा जन्म १८११ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस जर्मनीतील गॉटिंगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. चार भावांत तो धाकटा. आपल्या अंकाच्या वाचकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याचे वडील आधुनिक भाषांचे प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातील अधिकारी होते. म्हणजे हा रसायनज्ञ पुस्तकांच्या आणि भाषांच्या घरात वाढला. होल्टस्मिंडेन येथे शालेय शिक्षण संपवून तो १८२८ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याला श्ट्रोमायर हे गुरू लाभले. श्ट्रोमायर स्वतः कॅडमियम या धातूचे शोधक आणि खनिजांच्या पृथक्करणात निष्णात. प्रत्येक पदार्थाचा हिशेब ग्रॅमच्या अंशापर्यंत जुळला पाहिजे, ही शिस्त बन्सनला त्यांच्याकडून मिळाली असणार. विशीत त्याने डॉक्टरेट मिळवली आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असा प्रवास केला. कारखाने पाहिले, खाणी पाहिल्या, पॅरिसला गे-ल्युसॅकच्या प्रयोगशाळेत काम केले. विद्या केवळ ग्रंथात नसते, ती भट्टीपाशी आणि खाणीच्या तोंडाशीही असते, हे त्याने तरुणपणीच जाणले.

त्याचे पहिले मोठे काम आर्सेनिकवरचे. आर्सेनिक म्हणजे आपल्याकडील सोमलातील विषारी घटक. १८३४ मध्ये त्याने बेर्टोल्ड या वैद्याच्या साहाय्याने दाखवून दिले की, ताजे तयार केलेले लोहाचे जलयुक्त ऑक्साइड दिल्यास ते पोटातील आर्सेनिकला पकडून ठेवते आणि न विरघळणारे संयुग बनवते. त्या काळी विषबाधेवर हा मोठाच उतारा ठरला.

त्यानंतर कासेल आणि मारबुर्ग येथे अध्यापन करीत असताना त्याने कॅकोडिल या आर्सेनिकच्या संयुगांचा कित्येक वर्षे अभ्यास केला. हे पदार्थ विषारी तर होतेच, शिवाय त्यांची दुर्गंधी असह्य आणि हवेचा स्पर्श होताच पेट घेण्याचा त्यांचा स्वभाव. एकदा काम करता करता स्फोट झाला. काचेचा तुकडा लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विषारी वाफांमुळे तो काही दिवस मरणाच्या दारात होता. बरा झाल्यावर त्याने ते संशोधन पूर्ण केले आणि मग सेंद्रिय रसायनाची वाट जवळजवळ कायमची सोडली. पुढे जगाला नवे रंग दाखवणाऱ्या या माणसाने ते सर्व एकाच डोळ्याने पाहिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पाण्याशी त्याचा खरा परिचय झाला तो आइसलँड बेटावर. १८४५ मध्ये तेथील हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, बन्सन त्या बेटावर पोहोचला. कोकणात आपण ज्यांना उन्हाळे म्हणतो तसे गरम पाण्याचे झरे तेथे जागोजागी आहेत, आणि काही ठिकाणी तर उकळते पाणी ठरावीक काळाने उंच कारंज्यासारखे उसळते. हे पाणी का उसळते? बन्सनने त्या उसळत्या झऱ्याच्या नळीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक सोडून मोजणी केली. त्याला आढळले की, खोलवरचे पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेले असते, परंतु वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळू शकत नाही. ते थोडेसे वर उचलले गेले की दाब कमी होतो, पाणी एकाएकी उकळते आणि वरचा सारा भार आकाशात फेकला जातो. त्या पाण्याचे आणि आसपासच्या खडकांचेही त्याने पृथक्करण केले. झऱ्याचे पाणी नुसते पाणी नसते. ज्या खडकांतून ते आले त्यांचा अंश ते बरोबर घेऊन येते. पाणी म्हणजे जमिनीच्या पोटातून आलेले पत्र, ते वाचता आले पाहिजे, अशी ही दृष्टी. पुढील सारे काम या दृष्टीतून झाले, असे मला वाटते.

आता लिथियमकडे वळू. हा धातू १८१७ मध्ये स्वीडनमधील आर्फ्वेडसन याने पेटॅलाइट या खनिजात ओळखला. आर्फ्वेडसन हा थोर रसायनज्ञ बर्झेलियस याच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. दगडात सापडला म्हणून ग्रीक भाषेतील दगडाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. सोडियम आणि पोटॅशियम यांचाच हा धाकटा भाऊ. पुढे १८२० च्या दशकात बर्झेलियसनेच कार्ल्सबाद येथील औषधी झऱ्यांच्या पाण्यात लिथियम असल्याचे दाखवले. म्हणजे दगडातला धातू पाण्यातही होता. परंतु त्याचे प्रमाण इतके थोडे की, मणभर पाणी आटवावे तेव्हा चिमूटभर क्षार मिळायचा आणि त्या चिमटीतही लिथियम शोधावे लागायचे. शुद्ध धातू तर फारच थोड्या लोकांनी पाहिला होता, आणि तोही कणभर.

येथे बन्सनचा एक जुना शोध त्याच्या कामी आला. १८४१ मध्ये त्याने विजेचा एक घट तयार केला होता. त्यापूर्वीच्या घटात महागडे प्लॅटिनम वापरावे लागे. बन्सनने त्याऐवजी कार्बन वापरला आणि प्रखर विद्युत्‌प्रवाह स्वस्तात उपलब्ध झाला. १८५२ मध्ये तो हायडेलबर्ग विद्यापीठात आला आणि या घटांच्या बळावर एकामागून एक धातू त्यांच्या क्षारांतून मोकळे करू लागला. १८५५ मध्ये मॅथिसेन या आपल्या इंग्रज सहकाऱ्यासह त्याने लिथियम क्लोराइड वितळवून त्यातून विद्युत्‌प्रवाह सोडला आणि लिथियमचे चांगले मोठे थेंब मिळवले. त्या धातूची तार काढता आली, वजन करता आले, गुणधर्म तपासता आले. पाण्याच्या जवळजवळ निम्म्या घनतेचा, चाकूने कापता येणारा, घासलेटासारख्या तेलावरही तरंगणारा हा धातू म्हणजे घन धातूंत सर्वांत हलका.

त्याच वर्षी हायडेलबर्गला बन्सनसाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली. गावात दिव्याचा गॅस नुकताच आला होता. बन्सनला तापवण्यासाठी अशी ज्योत हवी होती की, जी काजळी धरणार नाही आणि जिला स्वतःचा रंग नसेल. गॅस जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळावी, ही कल्पना त्याने विद्यापीठाचा कारागीर पेटर डेसागा याला सांगितली आणि डेसागाने दिवा घडवला. बन्सनने त्याचे पेटंट घेतले नाही, आणि आपल्या घटाचेही घेतले नाही. ज्ञानातून मिळणारा आनंद हाच ज्याला मोबदला वाटत होता, त्याला त्यावर पैसे मिळवण्याची इच्छा झाली नसावी.

या दिव्याच्या जवळजवळ रंगहीन ज्योतीत निरनिराळे क्षार धरले की ज्योत निरनिराळे रंग घेते. सोडियम पिवळा, पोटॅशियम जांभळट, लिथियम किरमिजी. ही गोष्ट नवी नव्हती. अडचण अशी होती की, सोडियम सर्वत्र असतो. धुळीत असतो, बोटांच्या घामात असतो. त्याच्या पिवळ्या रंगात बाकीचे रंग बुडून जात. बन्सन रंगीत काचांतून आणि रंगीत द्रावांतून ज्योत पाहून रंग वेगळे करू पाहत होता. १८५९ मध्ये त्याचा मित्र आणि सहकारी, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक गुस्टाफ किर्खहोफ, याने सुचवले की, काचेऐवजी लोलकातून पाहावे. लोलक प्रकाशाचे रंग पसरवून मांडतो, मग एक रंग दुसऱ्याला झाकू शकत नाही. दोघांनी सिगारची एक पेटी, जुन्या दुर्बिणींचे दोन भाग आणि एक लोलक एवढ्या सामग्रीवर आपले पहिले वर्णपटदर्शक यंत्र बनवले, असे सांगतात.

त्यातून पाहिल्यावर प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक जागी ठरावीक रेषा घेऊन उभे राहिले. सोडियमची पिवळी रेषा, लिथियमची तांबडी रेषा. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याचा होत नाही, तशी ही रेषा दुसऱ्या कोणाची होत नाही. किर्खहोफने याच तत्त्वाने सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा अर्थ लावला आणि सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते पृथ्वीवर बसून सांगितले. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे. बन्सनची नजर मात्र आकाशापेक्षा पाण्याकडे अधिक लागलेली होती.

या पद्धतीची सूक्ष्मता त्या काळच्या लोकांना अविश्वसनीय वाटावी अशी होती. एक मिलिग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर लिथियम कार्बोनेटाचे त्यातील नऊ भागही डोळ्यांना स्पष्ट तांबडी रेषा दाखवू शकत होते. मग दोघांनी हाती येईल ते ज्योतीत धरून पाहिले. समुद्राच्या पाण्यात लिथियम सापडले. किनाऱ्यावर वाहून आलेल्या समुद्री शेवाळाच्या राखेत सापडले. विहिरींच्या आणि झऱ्यांच्या पाण्यात, ओडेनवाल्डच्या ग्रॅनाइटात, तंबाखूच्या राखेत, द्राक्षवेलींच्या पानांत, ऱ्हाइनच्या मैदानात पिकलेल्या धान्यात आणि तेथील जनावरांच्या दुधातही सापडले. मोजक्या खनिजांत राहणारा दुर्मिळ पाहुणा म्हणून ज्याची नोंद होती, तो सर्वत्र वस्ती करून असलेला निघाला. फक्त त्याला पाहण्याचा डोळा आजवर नव्हता.

आणि मग १८६० चे ते प्रसिद्ध काम. हायडेलबर्गपासून फार लांब नसलेल्या ड्युर्कहाइम या गावी खारट पाण्याचे औषधी झरे आहेत. बन्सनने त्या पाण्याचे पृथक्करण चालवले होते. रीत अशी की, प्रथम पाणी आटवायचे, मग त्यातून एकेक घटक वेगळा काढायचा. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम हे साक्याच्या रूपाने खाली बसवून काढून टाकले. उरलेल्यातून अल्कोहोलच्या साहाय्याने सोडियमचे क्षार वेगळे केले. मग अमोनियम कार्बोनेट घालून लिथियमही कार्बोनेटाच्या रूपाने खाली बसवले. नेहमीच्या पृथक्करणकाराचे काम येथे संपले असते. जे शोधायचे ते मिळाले, मागे उरलेला द्राव आता टाकून द्यायचा. बन्सनने त्या उरलेल्या द्रावाचा एक थेंब ज्योतीत धरला.

लोलकातून त्याला दोन निळ्या रेषा दिसल्या, एकमेकींना खेटून उभ्या. अशा रेषा त्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याच्या नव्हत्या. म्हणजे या पाण्यात कोणी तरी अनोळखी होते. १८६० च्या मे महिन्यात त्याने बर्लिनच्या अकादमीला हे कळवले. रेषा दिसणे वेगळे आणि पदार्थ हाती येणे वेगळे. तो पदार्थ हाती घेण्यासाठी सुमारे ४४,००० लिटर पाणी आटवावे लागले. त्यातून सुमारे २४० किलो दाट द्राव मिळाला. तो पुन्हा पुन्हा गाळून, पुन्हा पुन्हा साका बसवून, पोटॅशियमसारखा दिसणारा भाग प्लॅटिनमच्या संयुगाच्या साहाय्याने वेगळा करून आणि तो साका उकळत्या पाण्याने अनेक वेळा धुऊन शेवटी काय उरले? ७.३ ग्रॅम सीझियम क्लोराइड आणि ९.२ ग्रॅम रुबिडियम क्लोराइड. चव्वेचाळीस हजार लिटर पाणी, आणि हातात दोन-तीन चमचे क्षार!

होय, मूलद्रव्ये दोन होती. दुसरे, म्हणजे रुबिडियम, त्याने १८६१ मध्ये लेपिडोलाइट या खनिजात ओळखले. हे खनिज लिथियमचेच. लिथियमच्या मागे लागलेल्या माणसाला लिथियमच्या सोबतीचे दोघे भेटले, असे म्हणायला हरकत नाही. भाषेच्या प्राध्यापकाचा हा मुलगा नावे ठेवताना मात्र रसायनाच्या पुस्तकाकडे गेला नाही. तो प्राचीन लॅटिन ग्रंथकार ऑलस गेलियसकडे गेला. निरभ्र आकाशाच्या निळाईसाठी लॅटिनमध्ये जो शब्द होता त्यावरून सीझियम, आणि गडद तांबड्यासाठी जो शब्द होता त्यावरून रुबिडियम. मूलद्रव्याला त्याच्या रेषेचा रंगच नाव म्हणून मिळाला. आपल्या कला शाखेतील अभ्यासाचा विज्ञानाला उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे एक छोटेसे उत्तर आहे.

सीझियमचा अणुभार त्याने प्रथम १२३ च्या आसपास काढला होता. हाती असलेला क्षार फारच थोडा आणि पुरता शुद्ध नसलेला. १८६३ मध्ये अमेरिकेतील दोन रसायनज्ञांनी अधिक शुद्ध पदार्थ घेऊन हा आकडा १३३ असल्याचे दाखवले. बन्सनने वाद घातला नाही. पुन्हा मोजणी केली आणि नवा आकडा बरोबर असल्याचे जाहीर केले. एवढ्या कीर्तीच्या शिखरावर असताना हे करणे सोपे नसते.

या शोधानंतर झऱ्यांच्या पाण्याला वेगळेच दिवस आले. गाऊट, म्हणजे सांध्यांत युरिक अम्लाचे खडे साचून होणाऱ्या आजारावर, लिथियमचे क्षार उपयोगी पडतील, अशी कल्पना इंग्लंडमधील गॅरड या वैद्याने १८५९ मध्ये मांडली होती. आता लोलकातून पाहून कोणत्याही पाण्यात लिथियम आहे की नाही, हे सांगता येऊ लागले. तांबडी रेषा दिसली, एवढ्यावर युरोप-अमेरिकेतील झऱ्यांचे मालक आपापले पाणी बाटल्यांत भरून विकू लागले. त्यातील पुष्कळ बाटल्यांत लिथियम इतके अल्प असे की, औषध म्हणून उपयोग व्हायला माणसाला हौदच्या हौद प्यावे लागले असते. पदार्थ असणे आणि पुरेसा असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बन्सन हा भेद प्रत्येक वेळी तराजूवर तोलून पाहत असे, बाजाराला मात्र त्याची फिकीर नव्हती.

हा भेद माझ्या घरात फार महत्त्वाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड या मनोविकारतज्ज्ञाने उन्मादाच्या रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन पाहिले आणि वर्षानुवर्षे अस्वस्थ असलेली माणसे शांत झाल्याचे नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेत मात्र साध्या मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाणारी काही माणसे विषबाधेने दगावली. म्हणजे थोडे कमी पडले तर गुण नाही आणि थोडे अधिक झाले तर प्राणावर बेतते. माझे मामा गेली अनेक वर्षे लिथियमच्या गोळ्या घेत आहेत. त्यांच्या आजाराचे नाव घरात फार काळ कोणी घेत नसे. आजी त्याला बाहेरचे म्हणे, शेजारी आणखी काही म्हणत. आता आम्ही त्याला आजार म्हणतो आणि ठरल्या वेळी त्यांचे रक्त तपासून घेतो. रक्तातील लिथियमचे प्रमाण योग्य मर्यादेत आहे की नाही, हे त्या तपासणीवरून कळते आणि डॉक्टर त्यावरून मात्रा ठरवतात.

ही तपासणी कित्येक दशके कशी होत असे, हे वाचले तेव्हा मी थक्क झाले. रक्तद्रवाचा सूक्ष्म फवारा ज्योतीत सोडायचा आणि लिथियमच्या तांबड्या प्रकाशाची तीव्रता मोजायची. ज्योत तीच आणि रेषाही तीच. अलीकडे पुष्कळ ठिकाणी वेगळ्या विद्युत पद्धती वापरतात, परंतु हे औषध सुरक्षितपणे देता येते असा विश्वास जगाला ज्या काळात आला, त्या काळी तो या ज्योतीच्या आधारावर आला. हायडेलबर्गच्या त्या एकाक्ष प्राध्यापकाला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. मनोविकार हा त्याचा विषय नव्हता. पण ड्युर्कहाइमच्या पाण्यातले अत्यल्प त्याने दुर्लक्षिले नाही, म्हणून पुढच्या शतकात रक्तातले अत्यल्पही मोजता आले आणि आमच्या मामांसारखी माणसे नोकरी करू शकली, घरात राहू शकली.

बन्सनच्या स्वभावाविषयी पुष्कळ आठवणी सांगितल्या जातात. त्याने लग्न केले नाही. प्रयोगशाळा आणि विद्यार्थी हाच त्याचा संसार. सतत तापलेल्या वस्तू हाताळून त्याच्या बोटांची कातडी इतकी राठ झाली होती की, मुशीवरचे गरम झाकण तो सहज बोटांनी उचलत असे. रॉस्को, लोथर मायर, बायर, व्हिक्टर मायर अशी पुढे मोठी झालेली माणसे त्याच्या हाताखाली शिकली. मेंडेलेयेव्हही काही काळ हायडेलबर्गला होता. बर्लिनहून मोठ्या पदाचे बोलावणे आले, ते त्याने नाकारले. त्याचा एक मोठा निबंध टेबलावर ठेवलेला असताना आग लागून जळून गेला. पाण्याने भरलेल्या काचपात्रातून सूर्याचे किरण एकवटून ही आग लागली, असे सांगतात. साठी ओलांडलेल्या बन्सनने तो सारा निबंध पुन्हा सिद्ध केला आणि १८७५ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच्यात उणीव नव्हती असे नाही. मोठमोठ्या सिद्धांतांविषयी त्याला फारसे आकर्षण नव्हते. रसायनशास्त्र त्याच्या डोळ्यांसमोर बदलत होते, मूलद्रव्यांची आवर्तसारणी तयार होत होती, पण त्याच्या व्याख्यानांत या नव्या विचारांना जागा मिळाली नाही. गंमत अशी की, त्या सारणीतील दोन घरे त्यानेच भरली होती. प्रत्येकाची एक मर्यादा असते. त्याची मर्यादा ही की, जे तराजूवर तोलता येत नाही आणि डोळ्यांनी पाहता येत नाही, त्याच्या वाटेला तो जात नसे. पण त्याचे मोठेपणही तेच होते.

१८८९ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो निवृत्त झाला. जिवलग मित्र किर्खहोफ १८८७ मध्येच गेला होता. अखेरची वर्षे भूगर्भशास्त्राच्या वाचनात आणि हायडेलबर्गच्या टेकड्यांवर फिरण्यात गेली. १६ ऑगस्ट १८९९ रोजी त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिथियमला पुन्हा दिवस आले आहेत, या वेळी औषधासाठी नव्हे तर विजेच्या घटांसाठी. आपल्या खिशातील फोन आणि रस्त्यावरच्या विजेच्या गाड्या यांना लिथियम लागते आणि त्यातले बरेचसे पाण्यातून येते. चिलीतील अटाकामाच्या वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून आपल्या मिठागरांसारख्या, परंतु अवाढव्य खाचरांत महिनोन्‌महिने उन्हात आटवतात. मग त्यात सोडियम कार्बोनेट घालून लिथियम कार्बोनेटाचा साका बसवतात. प्रमाण हजारो पटींनी मोठे झाले, पण कार्बोनेटाच्या रूपाने खाली बसवण्याची युक्ती बन्सनच्या जातीचीच आहे. समुद्राच्या पाण्यात लिथियम लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. एक किलो मिळवायचे तर पन्नास लाखांहून अधिक लिटर पाणी लागेल. म्हणून आटवण्याऐवजी लिथियमला तेवढे धरून ठेवणारे आणि बाकीचे पाणी सोडून देणारे पदार्थ आता वापरू लागले आहेत. ऱ्हाइनच्या खोऱ्यात, लांडाऊ आणि इन्सहाइमच्या परिसरात, खोल जमिनीतल्या गरम खाऱ्या पाण्यातून अशा रीतीने लिथियम काढण्याचे काम सुरू झाले आहे. तेथील पाण्यात लिटरमागे शंभराहून अधिक मिलिग्रॅम लिथियम आहे. ही गावे ड्युर्कहाइमपासून फार दूर नाहीत. ज्या मैदानातील धान्यात आणि दुधात बन्सनला तांबडी रेषा दिसली, त्याच मैदानाच्या पोटातले हे पाणी.

मात्र अटाकामात एक प्रश्नही उभा राहिला आहे. जेथे पिण्याचे पाणी दुर्मिळ, तेथे जमिनीतले पाणी असे उपसत राहिल्यास आसपासच्या वस्त्यांचे आणि खाऱ्या तळ्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांचे काय, असे तेथील लोक विचारीत आहेत. पाण्यातून लिथियम काढून घेतल्यावर जे उरते त्याकडे पाहण्याची गरज त्यांना वाटते, उद्योगांना ती तितकीशी वाटत नाही. बन्सनने १८६० मध्ये नेमके तेच केले होते. हवे ते काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावाकडे पाठ न फिरवता त्याचा एक थेंब त्याने ज्योतीत धरला, आणि त्यात आकाशाच्या रंगाच्या दोन रेषा निघाल्या. त्याच्या नावाचा दिवा प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. उरलेल्याकडे पाहण्याची ती सवयही त्या दिव्याबरोबर आपण घेतली, तर त्याचे नाव घेण्याला अर्थ राहील.